रिमोटच्या नॉबवरून ड्रोनचे गेन कसे बसवावेत

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक. कन्नड प्रतही दुकानात मिळेल.)

फवारणीचा ड्रोन हवेत थरथरतो, नाहीतर झुळूक आली की कलतो आणि सावकाश सरळ होतो, असे सांगत निपाणी, खानापूर, कडोलीकडचे ग्राहक उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपला येतात. पुष्कळदा मशीन चांगले असते, फक्त गेन बसलेले नसतात. ते रिमोटवरून, ड्रोन उडत असतानाच बसवता येतात.

ड्रोन कलला की त्याला सावरायला फ्लाइट कंट्रोलरने (ड्रोनमधल्या छोट्या संगणकाने) मोटारींना किती जोर लावायला सांगायचा, तो आकडा म्हणजे गेन. गेन तीन असतात: पी, आय आणि डी. पी कमी असेल तर ड्रोन सुस्त वागतो, फार झाला तर थरथरतो. डी त्या जोराला लगाम घालतो, पण तो जास्त झाला की मोटारी तापतात. आय सतत लागणाऱ्या वाऱ्याला तोंड देतो. सुरुवात पीपासून करा. एका वेळी एकच गेन नॉबवर घ्या.

त्याआधी पंखे आणि ड्रोनच्या हातांचे (मोटारी बसवलेल्या दांड्यांचे) क्लॅम्प तपासा. चीर गेलेल्या पंख्याची थरथर कुठल्याही आकड्याने जात नाही.

आर्डुपायलट (फ्लाइट कंट्रोलरवर चालणारे सॉफ्टवेअर) असलेल्या ड्रोनमध्ये रिमोटचा चॅनल ६ पूर्वीपासून ट्यूनिंगसाठी, म्हणजे गेन बसवण्यासाठी, वापरतात; नॉब याच चॅनलवर असतो. मिशन प्लॅनर या लॅपटॉपवरच्या प्रोग्राममध्ये त्या चॅनलवर रोल-पिच रेटचा (डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे कलण्याच्या वेगाचा) पी निवडा आणि नॉबची खालची व वरची मर्यादा भरा. आमचा सगळा आग्रह या दोन आकड्यांसाठी आहे. मूळ आकडा ०.१३५ असेल तर ०.१० ते ०.१८ एवढीच मोकळीक ठेवा. खालची मर्यादा शून्य कधीही ठेवू नका. सुरुवातीच्या दिवसांत आम्ही ती शून्य ठेवली होती. नॉब खाली गेला, ड्रोन स्वतःला सावरू शकला नाही आणि बांधावर उलटा पडला. ड्रोनचे दोन हात मोडले. शेजारी माणूस नव्हता, हे नशीब.

आकडे भरल्यावर पंखे काढून बॅटरी जोडा. नॉब दोन्ही टोकांना फिरवा आणि लॅपटॉपवर पॅरामीटर (ड्रोनमध्ये साठवलेले आकडे) पुन्हा वाचून आकडा बदलतो का ते बघा. कधी नॉब उलटा चालतो. ते जमिनीवरच कळलेले बरे.

उडवायला पहाटेची शांत वेळ धरा. जागा मोकळी हवी. उभ्या उसाच्या रानात नको, कारण पलीकडे गेलेला ड्रोन दिसत नाही. स्टॅबिलाइज मोडमध्ये (यात ड्रोन फक्त स्वतःला सरळ ठेवतो, उंची आणि जागा तुम्ही सांभाळता) नॉब मूळ आकड्याजवळ ठेवून दोन-तीन मीटर उंचीवर स्थिर करा, माणसे लांब ठेवा. नॉब हळूहळू वाढवा. बारीक थरथर दिसली की थांबा आणि ती पूर्ण जाईपर्यंत मागे या. मग स्टिक झटकन हलवून सोडा. ड्रोन एकदाच सावरून स्थिर व्हायला हवा. उतरल्यावर मोटारी तापल्या आहेत का ते हात लावून बघा.

टाकीचा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. १० लिटर भरलेला ड्रोन आणि रिकामा ड्रोन ही दोन वेगळी मशीन समजा. रिकामा हलका असल्याने तोच आधी थरथरतो, म्हणून पीची वरची हद्द रिकाम्या टाकीवर ठरवा आणि भरल्या टाकीवर फक्त पडताळा. भरल्या टाकीत पाणी हिंदकळून येणारा संथ हेलकावा वेगळा असतो. तो घालवायला गेन वाढवू नका, टाकीत आडपडदे आहेत का ते बघा. कोकणातल्या नातेवाइकाच्या ड्रोनचे आकडेही तसेच उतरवून घेऊ नका. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, इथली हवा किनाऱ्यापेक्षा साधारण ७ टक्क्यांनी विरळ, त्यामुळे पंख्यांना त्याच फेऱ्यांवर जोर कमी मिळतो.

सांबऱ्याच्या विमानतळाजवळच्या गावांनी उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपला झोन (ड्रोन उडवण्याच्या परवानगीचा पट्टा) बघावाच.

आकडा मनासारखा बसला की पॅरामीटरमध्ये लिहा, सेव्ह करा आणि चॅनल ६ वरचे ट्यूनिंग बंद करा. हे राहून गेले तर उद्या फवारणीच्या घाईत बोट नॉबला लागेल आणि सगळे बिघडेल. आकडा वहीत टाकीच्या वजनासह टिपून ठेवा. सर्व्हिसला येताना ती वही आणि लॉगचे (उड्डाणाच्या नोंदींचे) मेमरी कार्ड आणा.