वीरगळाखाली खरंच कुणाला पुरलेलं असतं का?

गावाबाहेरच्या वीरगळाखाली, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीसाठी कोरलेल्या दगडाखाली, तो वीर आणि त्याचं सोनं पुरलेलं असतं, असं वर्षानुवर्षं फिरतंय. तसं वाटणं साहजिक आहे, कारण उभा दगड पाहिला की थडगंच आठवतं.

पण वीरगळ हे स्मारक आहे. दगड खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई किंवा गाई पळवणाऱ्यांशी झुंज, कधी पडलेला वीर. त्यावर अप्सरा त्याला वर नेताहेत. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, माथ्यावर चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर चक्क जहाजांची लढाई कोरलीय! शेजारी बांगड्या भरलेला, कोपरात वाकलेला हात दिसला तर तो सतीचा दगड. सती म्हणजे चिता, मग पुरण्याचा प्रश्नच कुठे?

शिवाय बरेच वीरगळ शेतातून उचलून देवळापुढे ठेवलेत, त्यामुळे आज दिसणारी जागा मूळचीच असेल असं नाही. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून पाहा.

पुरण्याची प्रथा आपल्याकडे होती आणि आहे. लिंगायत, गोसावी यांच्या समाध्या असतात. नागपूरजवळ जुनापाणीची शिलावर्तुळं (गोलाकार मांडलेले दगड) तर लोहयुगीन दफनंच आहेत.

गुप्तधनासाठी उकरणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की १८७८च्या कायद्यानुसार सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

वीरगळाची नोंद करायची तर उन्हं कलल्यावर तिरप्या उजेडात फोटो काढा, झिजलेलं कोरीवकाम उठून दिसतं. उंची-रुंदी, चौकटी, नकाशावरचं ठिकाण लिहा. शेंदूर खरवडू नका.