पार्श्वभूमी : नाण्याचा धातू बदलताना

उरलमध्ये सापडलेल्या प्लॅटिनमची रूबल नाणी रशियाने १८२८ पासून पाडली. प्लॅटिनम १७६८ अंश सेल्सियसला वितळते आणि टांकसाळीच्या तेव्हाच्या भट्ट्यांना ते झेपत नव्हते. म्हणून पूड दाबून, तापवून, ठोकून चकत्या घडवल्या जात. १८४५ मध्ये ही नाणी बंद झाली.

१९४३ मध्ये युद्धासाठी तांबे वाचवायचे म्हणून अमेरिकेने जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे सेंट काढले. पत्र्यातून चकती कापली की कडेचे पोलाद उघडे पडे आणि तिथूनच गंज धरे. शिवाय नवे नाणे चांदीच्या डाइमसारखे, म्हणजे दहा सेंटच्या नाण्यासारखे, दिसे. वर्षभरात तांबे परतले.

खरा वाद झाला तो ॲल्युमिनियमवरून. १९७३ मध्ये तांबे इतके कडाडले की सेंटमधला धातू दर्शनी किमतीला भिडू लागला. तेव्हा १९७४ साल कोरलेले सुमारे १५ लाख ॲल्युमिनियमचे सेंट पाडून तयार झाले. वजन एक ग्रॅमहूनही कमी. नाणे टाकून चालणाऱ्या विक्रीयंत्रांच्या उद्योगाने हरकत घेतली की ही नाणी यंत्रे बिघडवतील. बालरोगतज्ज्ञांची हरकत वेगळी होती : मुलाने नाणे गिळले, तर ते एक्स-रेमध्ये नीट दिसणार नाही. ही दुसरी हरकत वजनदार होती. पहिलीला मात्र नको इतके महत्त्व मिळाले, कारण जपानमध्ये ॲल्युमिनियमचे एक येनचे नाणे १९५५ पासून चालत होते. पुढे तांबे उतरले, प्रस्ताव बारगळला आणि जवळपास सगळी नाणी वितळवली गेली. १९८२ मध्ये तांब्याचा मुलामा दिलेले जस्त आले, तरी २०२४ च्या आर्थिक वर्षात एक सेंट पाडायला ३.६९ सेंट लागत होते. त्यातल्या जस्ताची किंमत एका सेंटपेक्षा कमीच. उरलेला पैसा चकती घडवणे, ठसा मारणे आणि वाहतूक यांत जाई.

संग्राहकांसाठीच्या नाण्यांचे गणित निराळे. ऑस्ट्रियाने २००३ मध्ये चांदीच्या कड्यात नायोबियम हा धातू बसवलेले २५ युरोचे नाणे काढले. त्याच्या रंगात रंगद्रव्य नसते; विजेच्या साह्याने ऑक्साइडचा थर हवा तेवढा जाड केला की रंग बदलतो. टायटॅनियम याहून हट्टी. ते ठशाला चिकटते, आणि मऊ करण्यासाठी निर्वात किंवा निष्क्रिय वायूच्या भट्टीतच तापवावे लागते, कारण तापल्यावर ते हवेतला ऑक्सिजन शोषून ठिसूळ होते.