जुने गेम नव्या लॅपटॉपवर काहून अडतात: त्यामागचा इतिहास

रोड रॅश या जुन्या बाइक रेसच्या गेमची सीडी नव्या लॅपटॉपला लावायची म्हणजे आधी कोणाकडून तरी बाहेरचा सीडी ड्राइव्ह मागून आणा, आणि एवढं करून सेटअपवर डबल क्लिक केलं की विंडोज म्हणते, 'धिस ॲप कान्ट रन ऑन युअर पीसी'. मग बाजूला बसलेला कोणीतरी म्हणतेच, "सीडी खराब झाली बे, फेक." सीडी बहुतेक वेळा ठणठणीत असते. अडते ते दुसरीकडेच, आणि ते समजायला थोडं मागं जावं लागते.

आपल्या इकडं विदर्भात, म्हणजे वरूड, पुसद, आर्वी, हिंगणघाट असल्या गावांत आणि त्यांच्या आजूबाजूच्या खेड्यांत, कम्प्युटर खऱ्या अर्थानं पोचला तो २००१ ला एमएस-सीआयटी सुरू झाल्यावर. तालुक्याच्या गावी क्लास निघाले, ज्यांच्याकडं पैसे होते त्यांनी नागपूरच्या सीताबर्डीवरून असेम्बल केलेला पीसी आणला, आणि एकदा आणला की तो दहा-बारा वर्षं हलला नाही. मायक्रोसॉफ्टनं एप्रिल २०१४ मध्ये विंडोज एक्सपीचा सपोर्ट बंद केला तरी इकडं एक्सपीच चालू होता, लोडशेडिंगमध्ये यूपीएस कुईकुई करत असताना पोरं रोड रॅशची शेवटची रेस संपवत होती. त्यामुळं जुना गेम न चालण्याची भानगड शहरातल्या लोकांना हप्त्याहप्त्यानं भोगावी लागली, आपल्याला ती एकदम भेटली, जेव्हा एक्सपीवरून थेट विंडोज १० वाल्या लॅपटॉपवर उडी मारली.

पहिली भानगड स्पीडची. १९८१ च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा, आणि तेव्हाचे काही गेम सरळ प्रोसेसरच्या वेगावरच चालायचे, घड्याळ वगैरे बघायचेच नाहीत. मशीन फास्ट झाली की गेमही तेवढाच सुसाट, माणूस स्क्रीनच्या या टोकावरून त्या टोकाला गेला कधी ते कळतच नसे. म्हणून जुन्या कॅबिनेटवर टर्बो नावाचं बटन असायचं, नाव टर्बो पण खरं काम मशीन हळू करायचं. पुढं पेंटियम २०० मेगाहर्ट्झच्या पुढं गेले तेव्हा टर्बो पास्कल नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेले कितीतरी प्रोग्राम सुरू होतानाच 'रनटाइम एरर २००' देऊन मरायला लागले. तो प्रोग्राम सुरुवातीलाच मशीन किती फास्ट आहे ते मोजून एक भागाकार करायचा, आणि उत्तर एवढं मोठं यायला लागलं की त्याला दिलेल्या जागेत मावेचना.

दुसरी भानगड डॉसची, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, कमांड टाइप करून चालणाऱ्या सिस्टिमची. डॉसमध्ये गेम म्हणजे मालक, प्रोसेसर, मेमरी, साउंड कार्ड, सगळ्याला थेट हात घालायचा. मेमरी मात्र ६४० केबीच्या हद्दीत बसवायची, त्यासाठी कॉन्फिग डॉट सिस आणि ऑटोएक्झेक डॉट बॅट या सेटिंगच्या फाइलींत ओळी मागंपुढं करत बसा. साउंड ब्लास्टर नावाच्या साउंड कार्डसाठी पत्ता २२०, आयआरक्यू ५ किंवा ७, डीएमए १ असे सेटिंगचे आकडे टाकायचे, यातलं एक चुकलं की गेम मुका. विंडोज ९५ च्या पोटात डॉस होताच म्हणून तोपर्यंत निभावलं. २००१ च्या एक्सपीनं घरच्या पीसीवरून खरा डॉस काढून टाकला आणि त्याच्या जागी डॉसचं सोंग घेणारी एक सोय दिली, गेम त्यात कधी चालायचे, कधी आवाजाशिवाय चालायचे. ६४ बिटच्या विंडोजमध्ये (बिट जेवढे जास्त तेवढा मोठा आकडा प्रोसेसर एका दमात हाताळतो) ते सोंगही गेलं, कारण प्रोसेसर ६४ बिट मोडमध्ये असला की १६ बिट डॉस प्रोग्रामला लागणारा जुना मोड त्यात राहातच नाही. आणि गंमत अशी की विंडोज ९५ च्या काळातले बरेच गेम स्वतः ३२ बिट आहेत, ते चालले असते, पण त्यांचा सेटअप १६ बिटचा! त्यामुळं गेमपर्यंत पोचायच्या आधीच खेळ खल्लास.

इथं डॉसबॉक्स कामी येतो. २००२ मध्ये आला, फुकट, आणि सॉफ्टवेअरमध्येच एक अख्खा जुना पीसी उभा करतो, साउंड ब्लास्टरसकट. प्रिन्स ऑफ पर्शियाचं फोल्डर त्यात माउंट करायचं म्हणजे जोडायचं, गेमचं नाव टाइप करायचं, झालं. फार पळायला लागला तर कंट्रोल दाबून एफ११, रेंगाळला तर कंट्रोल दाबून एफ१२, म्हणजे टर्बो बटनच पण दोन्हीकडं फिरणारं. माझ्या मते डॉसवाले गेम आज सगळ्यात सोपे आहेत, लोक उगाच घाबरतात. त्रास देतात ते १९९६ ते २००५ मधले विंडोजवाले.

कारण तेव्हा रोज नवीन काहीतरी निघत होतं. ३डीएफएक्स कंपनीचं वूडू नावाचं ३डी ग्राफिक्स कार्ड १९९६ ला आलं, त्याची स्वतःची ग्लाइड नावाची भाषा, नीड फॉर स्पीड २ ची स्पेशल एडिशन त्यावरच खुलून दिसायची. डिसेंबर २००० मध्ये एनव्हीडियानं ३डीएफएक्सचा गाशा विकत घ्यायचं जाहीर केलं आणि ग्लाइड समजणारं नवीन कार्ड कोणी बनवलंच नाही. आज डीजीवूडू सारखे छोटे प्रोग्राम गेमचं ग्लाइडमधलं बोलणं ऐकून ते विंडोजच्या स्वतःच्या डायरेक्ट३डीमध्ये सांगतात, बस. एज ऑफ एम्पायर्सची गोष्ट आणखी वेगळी, तो २५६ रंगांचा गेम, विंडोज ७ वर मधातच एक्सप्लोरर, म्हणजे टास्कबार आणि आयकॉन दाखवणारा विंडोजचा प्रोग्राम, त्याच्या रंगांच्या यादीत लुडबुड करायचा आणि हिरवं गवत जांभळं, पाणी लाल. उपाय काय, तर टास्क मॅनेजर उघडून एक्सप्लोररच बंद करायचा, टास्कबार गायब, आयकॉन गायब, पण गवत हिरवं.

आता सीडीच्या कुलपाचं. कॉपी होऊ नये म्हणून कंपन्या सेफडिस्कसारखं लॉक टाकायच्या, त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये खोलवर बसायचा. त्यातून सिक्युरिटीला भोक पडत होतं म्हणून मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० मध्ये, २०१५ ला, तो चालूच दिला नाही, आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटनं विंडोज ७ आणि ८ वरही बंद पाडला. म्हणजे ज्यानं हजार रुपये मोजून ओरिजिनल घेतला त्याचा गेम अडला, आणि आपल्याकडं बस स्टँडजवळ तीस-चाळीस रुपयांत मिळणारी, एका सीडीत दहा गेम वाली, ती मजेत चालते कारण तिचं कुलूप कोणीतरी आधीच तोडलं होतं. हे काही चोरीचं समर्थन नाही, आणि त्या सीडीत व्हिडिओ आणि गाणी उडवलेली असायची ते वेगळंच, रोड रॅशमध्ये साउंडगार्डनची गाणी आहेत हे इकडच्या कित्येकांना यूट्यूब आल्यावर समजलं. पण हिशोब उलटा झाला एवढं खरं. २००८ पासून जीओजी नावाच्या वेबसाइटवाले जुने गेम कुलूप काढून, डॉसबॉक्स आत भरून रीतसर विकतात, त्यांच्या यादीत गेम असेल तर हा सगळा कुटाणा करायची गरजच नाही.

जिथं गेमचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरनं लिहिलेला मूळ मजकूर, मोकळा झाला तिथं तर प्रश्नच मिटला. आयडी सॉफ्टवेअर कंपनीनं डूम या गेमचा कोड डिसेंबर १९९७ मध्ये खुला केला, तेव्हापासून तो प्रिंटरपासून कशाकशावर चालवून झाला. प्रिन्स ऑफ पर्शिया बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरला ॲपल २ या जुन्या कम्प्युटरसाठीचा मूळ कोड हरवलाच असं वाटत होतं, २०१२ मध्ये तो वडिलांकडं सापडला आणि त्यानं सगळ्यांसाठी टाकून दिला. उलट व्हाइस सिटी गेमचा कोड हौशी लोकांनी स्वतः उलगडून नव्यानं लिहिला तर २०२१ मध्ये त्याच्या मालक कंपनीनं, टेक-टूनं, नोटीस देऊन आधी तो उतरवायला लावला आणि मग कोर्टात खेचलं.

क्रिकेट २००७ चं मात्र कोणी काही बिघडवू शकलं नाही. तो काढणाऱ्या ईए कंपनीनं त्यानंतर पीसीसाठी क्रिकेटचा गेम काढलाच नाही, आणि त्याचा फायदाच झाला. हौशी पोरं दर आयपीएलला नवीन टीम, नवीन जर्सी, नवीन बॅट पॅच करून टाकतात, विंडोज नवीन आली आणि डायरेक्टएक्सची एखादी डीएलएल फाइल नाही म्हणून अडला तर ती फाइल पेन ड्राइव्हवरून गावभर फिरते. परीक्षा संपल्या की आमच्याकडं अजूनही पहिला निरोप तोच येतो, "भौ, यंदाचा पॅच आहे का?"