आधी पैसे, मग पंचनामा

नव्या कारखान्याला सरकारी पैसा द्यायचा, तर त्यावर नजर कोणी आणि केव्हा ठेवायची? ब्रिटनमध्ये 1866 च्या कायद्याने सरकारी खर्च तपासणारा महालेखापरीक्षक आला. पण ही तपासणी मुख्यतः खर्च झाल्यावरची आणि सरकारी खात्यांपुरती. पैसे घेणाऱ्या खासगी कंपनीच्या वह्या तिच्या हाती लागत नसत.

ही उणीव डेलोरियन या अमेरिकी मोटार कंपनीच्या प्रकरणात उघडी पडली. 1978 चा उत्तर आयर्लंड म्हणजे हिंसाचार आणि बेरोजगारी. कसेही करून कारखाना यावा, अशी ब्रिटिश सरकारची घाई. करार दोन महिन्यांच्या आत उरकला. बेलफास्टजवळ डनमरीला कारखाना उभा राहिला, 1981 मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या आणि फेब्रुवारी 1982 मध्ये कंपनी रिसीव्हरच्या, म्हणजे देणी वसूल करण्यासाठी नेमलेल्या प्रशासकाच्या, ताब्यात गेली. तोवर करदात्यांचे 7 कोटी पौंडांहून अधिक गुंतले होते. गाडीच्या विकासासाठी दाखवलेले सुमारे 1.7 कोटी डॉलर पनामात नोंदलेल्या एका कंपनीमार्गे भलतीकडेच गेले होते. संसदेच्या लोकलेखा समितीचा अहवाल आला 1984 मध्ये. अगदीच वरातीमागून घोडे.

अमेरिकेत सौरपॅनेल बनवणाऱ्या सोलिंड्राला 2009 मध्ये 53.5 कोटी डॉलरच्या कर्जाची सरकारी हमी मिळाली. कंपनी डबघाईला आल्यावर नव्याने पैसे घालणाऱ्या खासगी गुंतवणूकदारांची परतफेड सरकारच्या आधी ठेवायला ऊर्जा खात्याने होकार दिला. माझ्या मते खरी चूक ही. 2011 मध्ये दिवाळखोरी झाली. त्याच खात्याचे 46.5 कोटींचे कर्ज टेस्लाने 2013 मध्ये मुदतीआधी फेडले, तेव्हा धोका पत्करणे हाच गुन्हा म्हणता येत नाही.

अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिन राज्याने 2017 मध्ये फॉक्सकॉन या तैवानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीला सुमारे 3 अब्ज डॉलरच्या सवलती देऊ केल्या, पण नोकऱ्या दिसल्याशिवाय दमडी सुटणार नव्हती. 2018 अखेर किमान 260 नोकऱ्या हव्या होत्या. मोजणीत पात्र ठरल्या 113. सवलत नाकारली गेली आणि 2021 मध्ये करार 8 कोटींवर आला. राज्याचे पैसे वाचले. माउंट प्लेझंट गावाने मात्र जमीन, रस्ते, पाणी यांसाठी आधीच कर्ज काढले होते. त्याला आधार उरला तो कंपनीने दिलेल्या किमान मालमत्ता-कराच्या हमीचा.

संगणक-चिपांच्या कारखान्यांसाठीच्या 2022 च्या अमेरिकी चिप कायद्याखालचे अनुदानही टप्पे पूर्ण होतील तसेच सुटावे, अशी मूळ रचना होती, आणि मोठ्या अनुदानांत अपेक्षेपेक्षा जास्त नफा झाला तर सरकारचा वाटा राखला होता.