तरते अणुवीज केंद्र

अणुभट्टी, टर्बाइन आणि जनित्र एकाच बिनइंजिनाच्या नौकेवर बसवून, ती नौका किनाऱ्याला बांधून वीज पुरवणाऱ्या केंद्राला तरते अणुवीज केंद्र म्हणतात. वर्तमानपत्रे त्याला सर्रास 'अणुजहाज' म्हणतात, ते तितकेसे बरोबर नाही. आजवर चाललेली दोन्ही केंद्रे टगबोटींनी ओढतच न्यावी लागली. पाणबुड्या आणि बर्फफोडी जहाजे यांतल्या अणुभट्ट्या याच घराण्यातल्या, पण त्यांची शक्ती त्या जहाजापुरतीच असते.

पहिले केंद्र अमेरिकी लष्कराचे 'स्टर्जिस'. दुसऱ्या महायुद्धातल्या एका मालवाहू 'लिबर्टी' जहाजाचे इंजिन काढून त्यात १० मेगावॅटची भट्टी बसवली आणि १९६८ मध्ये ते पनामा कालव्यातल्या गातून तलावात नेऊन उभे केले. कारण पाण्याचे होते. जहाजे चढवण्या-उतरवण्यासाठी कालव्याच्या दरवाजांना लागणारे गोडे पाणी आणि जलविद्युतगृहाला लागणारे पाणी, दोन्ही याच तलावातून यायचे. त्यात पाऊस कमी पडला. मुळशीचे पाणी भिऱ्याला विजेसाठी सोडायचे की पूर्वेकडे वळवायचे, हा वाद ऐकत मोठे झालेल्या पुणेकराला ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको. 'स्टर्जिस'ने विजेचा काही भार उचलला आणि तेवढे पाणी बोटींसाठी उरले. १९७० च्या दशकाच्या मध्यात ते बंद झाले, पण मोडीत निघायला २०१९ उजाडले. वीज दिली जेमतेम आठ वर्षे, विल्हेवाटीची वाट पाहिली चाळीसहून अधिक.

१९७० च्या दशकात वेस्टिंगहाउस या अमेरिकी कंपनीने न्यू जर्सीच्या किनाऱ्यापुढे हजार मेगावॅटहून मोठी तरती केंद्रे उभारण्याचा घाट घातला होता. विजेची मागणी घटली आणि बेत कागदावरच राहिला.

सध्या चालू असलेले केंद्र रशियाचे 'अकादमिक लोमोनोसोव्ह'. लांबी १४४ मीटर, रुंदी ३० मीटर, वजन सुमारे २१,५०० टन. त्याचे काम २००७ मध्ये सुरू झाले आणि २०१० मध्ये सेंट पीटर्सबर्गला ते पाण्यात उतरले. इंधन तिथेच भरायचे होते, पण शेजारी देशांनी आणि शहरातल्या लोकांनी हरकत घेतली. म्हणून २०१८ मध्ये रिकामेच मुर्मान्स्कला ओढत नेऊन तिथे इंधन भरले. तिथे पोहोचले तेव्हा ते गंजकट तपकिरी दिसत होते. रशियन झेंड्याचे पांढरे, निळे, लाल रंग नंतर चढले. ऑगस्ट २०१९ मध्ये निघून ते सप्टेंबरात आर्क्टिक किनाऱ्यावरच्या पेवेक गावी पोहोचले, १९ डिसेंबरला वीज सुरू झाली आणि मे २०२० पासून व्यापारी उत्पादन. गाव जेमतेम चार-पाच हजार वस्तीचे. पण आसपास खाणी आहेत आणि बिलिबिनोचे जुने अणुवीज केंद्र निवृत्तीला आले होते.

त्यावरच्या दोन केएलटी-४०एस भट्ट्या बर्फफोडी जहाजांच्या भट्ट्यांवरून घेतलेल्या आहेत. प्रत्येकीची उष्णता १५० मेगावॅट, वीज ३५. भट्टीतले पाणी प्रचंड दाबाखाली असल्याने उकळत नाही. ते आपली उष्णता दुसऱ्या पाण्याला देते, त्याची वाफ टर्बाइन फिरवते. उरलेली बरीचशी उष्णता समुद्रात जाते, काही मात्र नळांतून पेवेकच्या घरांत खोल्या उबदार ठेवायला पोहोचते. उणे तीस अंशांत ही सोय विजेइतकीच मोलाची.

दोन्हींची मिळून ७० मेगावॅट, म्हणजे कोयनेच्या १,९६० मेगावॅटपुढे चिमूटभर. इतक्या विजेसाठी बारा वर्षे आणि अफाट खर्च, हा टीकाकारांचा मुद्दा मला 'बर्फावरचे चेर्नोबिल' या ग्रीनपीसच्या शेलक्या विशेषणापेक्षा वजनदार वाटतो. 'कारखान्यात तयार करा, नेऊन बांधा, काम झाले की परत आणा' ही कल्पना स्वस्त पडते ती एकासारखी एक अशी अनेक केंद्रे बांधली तरच. रशियाने बाईमस्की तांब्याच्या खाणीसाठी नव्या रिटम-२०० जातीच्या भट्ट्यांची आणखी केंद्रे हाती घेतली आहेत, ती याच हिशेबाने. सुरक्षेचा वाद वेगळा. थंड करायला पाणी हाताशी असते आणि खोल समुद्रात त्सुनामीची लाट फारशी जाणवतही नाही. पण पेवेकला केंद्र उभे आहे किनाऱ्याला, आणि लाट चढते ती तिथेच.

पुण्याला समुद्र नाही, तरी यातला एक प्रश्न इथल्या ओळखीचा आहे. १९१६ पासून चालत आलेल्या, खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेत मोठाल्या शेडमध्ये बंदरांच्या छोट्या प्रतिकृती पाण्यात मांडून यंत्राने लाटा उठवतात. किनाऱ्यावरच्या वीजकेंद्राचे गरम पाणी जिथे सोडायचे, तिथून ते वळून पुन्हा आत ओढले जाऊ नये, यासारखे प्रश्न अशाच अभ्यासातून सोडवतात. जमिनीवर पाणी घेण्याची आणि सोडण्याची तोंडे हवी तेवढी लांब ठेवता येतात. नौकेवर, वेगळे पाइप टाकले नाहीत तर, दोन्ही तोंडांत जास्तीत जास्त नौकेच्या लांबीइतकेच अंतर.