नर्सिंगची पीएचडी: एक चर्चगेटला, एक नाशकात

एमएस्सी झालेल्या सिस्टर हल्ली हटकून विचारतात, पीएचडी मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठातून करू की नाशिकच्या एमयूएचएसमधून, म्हणजे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठातून? दोन्ही सरकारी कायद्याने चालणारी विद्यापीठं, नावापुढे 'डॉ.' दोन्हीकडून लागतंच, मग एवढा घोळ कशाला. पण दोघींची कुंडली वेगळी आहे.

एसएनडीटी म्हणजे कर्व्यांनी १९१६ साली बायकांसाठी काढलेलं विद्यापीठ, पुढे विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख दिले आणि त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव लागलं, १९३६ला मुख्यालय मुंबईत आलं. त्याच चर्चगेटच्या कॅम्पसमधलं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज १९६४चं. म्हणजे इथे नर्सिंग वाढलं ते होम सायन्स, शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र यांच्या शेजारी, मेडिकल कॉलेजच्या सावलीत नाही. मला तरी हे फार महत्त्वाचं वाटतं.

एमयूएचएस अगदी अलीकडचं, १९९८चं. त्याआधी राज्यातली मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, नर्सिंग कॉलेजं त्या त्या भागातल्या विद्यापीठाकडे असायची, मग सगळी आरोग्याची मंडळी उचलून नाशिकच्या एका छताखाली आणली. लीलाबाई ठाकरसी मात्र एसएनडीटीकडेच राहिलं. त्यामुळे मुंबईत बसून नर्सिंगच्या दोन वेगवेगळ्या विद्यापीठांच्या डिग्र्या मिळतात, हे बाहेरगावच्या लोकांना पटकन कळतच नाही.

मुळात आपल्याकडे नर्सने पीएचडी करायची ही कल्पनाच उशिरा रुजली. बीएस्सी १९४६ला आली, दिल्ली आणि वेल्लोरला, एमएस्सी १९५९ला दिल्लीत, एमफिल पण दिल्लीतच १९८६ला. २००५-०६च्या सुमारास नर्सिंग कौन्सिलने बंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाला धरून पीएचडीचं राष्ट्रीय कन्सोर्टियम, म्हणजे संस्थांचा एकत्र गट, काढलं, तेव्हा कुठे हा विषय देशभर बोलला जायला लागला. तोवर 'सिस्टर, तुम्हाला कशाला हवंय रिसर्च' हे ऐकूनच दिवस काढायचे.

कागदावरचा फरक आता फारसा नाही, यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२२चे नियम आहेत, कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, बायकांना वर २ वर्षांची सवलत आणि २४० दिवसांपर्यंत मॅटर्निटी किंवा चाइल्ड केअर लीव्ह. खरी मारामारी गाईडची. प्रोफेसरला एका वेळी पीएचडीचे ८ विद्यार्थी, असोसिएटला ६, असिस्टंटला ४, त्यात नर्सिंगमधले गाईड आधीच मोजके, म्हणून विद्यापीठाचं नाव बघण्याआधी कोणाकडे जागा रिकामी आहे ते बघा.

माझ्या एका मैत्रिणीने सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहिला तो रात्री तीनला, वॉर्ड शांत झाल्यावर, बीपी चार्टच्या पाठकोऱ्या कागदावर. नाशिक म्हणजे सकाळची तपोवन एक्सप्रेस आणि एक सीएल, म्हणजे किरकोळ रजा, गेली, हा तिचा हिशोब. शेवटी तिने एसएनडीटीच धरली, तिच्या विषयाची गाईड तिथे मिळाली आणि नाईट संपवून, पुढच्या शिफ्टला हँडओव्हर देऊन प्रभादेवीहून लोकल पकडली की थेट चर्चगेट.