उंदरांमधील प्रोस्टेटची संप्रेरकजन्य वाढ

टेस्टोस्टेरॉन टोचून प्रयोगशाळेतील नर उंदराच्या प्रोस्टेट (पुरःस्थ) ग्रंथीची मुद्दाम घडवून आणलेली, कर्करोग नसलेली वाढ. उतारवयात पुरुषांच्या लघवीला होणाऱ्या अडथळ्यावरची औषधे पारखण्यासाठी ही पद्धत जगभर वापरतात. उंदराला हा आजार सहसा आपणहून होत नाही. तो कुत्र्याला होतो, पण कुत्रा म्हातारा होईपर्यंत सांभाळणे खर्चिक असते आणि वेळही फार जातो.

ग्रंथी वाढवणारे खरे संप्रेरक टेस्टोस्टेरॉन नव्हे. ग्रंथीतले ५-अल्फा-रिडक्टेज हे विकर त्यापासून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन (डीएचटी) तयार करते आणि ते पेशीतल्या अँड्रोजेन ग्राहीला अधिक घट्ट चिकटते. १९६८ मध्ये ब्रुकोव्हस्की आणि विल्सन यांनी उंदराच्या प्रोस्टेटमधल्या पेशींच्या केंद्रकांत डीएचटी साठत असल्याचे दाखवले. १९७४ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांत हे विकर जन्मतःच कमी असल्याचे आढळले. तिथल्या बाधित पुरुषांचे प्रोस्टेट प्रौढपणीही लहानच राहते. या विकराला अडवणारे फिनास्टेराइड १९९२ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मंजूर झाले. उंदरांवरच्या प्रयोगांत आज त्याच्याशीच नव्या औषधाची तुलना करतात.

प्रयोगासाठी विस्टार किंवा स्प्रॅग-डॉली जातीचे नर घेतात. स्वतःच्या संप्रेरकाची लुडबूड नको म्हणून पुष्कळदा आधी वृषणे काढून टाकतात. मग टेस्टोस्टेरॉन प्रोपिओनेट तेलात विरघळवून साधारण चार आठवडे रोज कातडीखाली टोचतात. एका गटाला नुसते तेल मिळते. शेवटी विच्छेदन करून मूत्राशयालगतचे पोटाकडचे दोन खंड सोडवून तोलतात आणि ते वजन शरीराच्या वजनाशी ताडून पाहतात. सूक्ष्मदर्शकाखाली एरवी सरळ दिसणारे अस्तर जाड होऊन घड्या घालत पोकळीत शिरलेले दिसते.

संप्रेरकांचे आकडे मात्र जपून वाचावे लागतात. माणसाला फिनास्टेराइड दिल्यावर रक्तातले डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी उतरते, ग्रंथीतले त्याहून जास्त. रक्तातले टेस्टोस्टेरॉन उलट थोडे चढते. म्हणजे नुसते रक्तातले टेस्टोस्टेरॉन मोजले तर गुणकारी औषध उलटे काम करते आहे असे वाटेल. शिवाय पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन वयाबरोबर घटत जाते आणि नेमके तेव्हाच प्रोस्टेट वाढते. या कोड्यामुळे स्त्री-संप्रेरकाकडे लक्ष गेले. टेस्टोस्टेरॉन आणि एस्ट्राडायॉल यांच्या गोळ्या लहान उंदरांच्या (माइस) कातडीखाली बसवल्या, की मूत्राशय फुगून लघवी खरोखरच तुंबते. नुसत्या टेस्टोस्टेरॉनच्या प्रयोगापेक्षा हे प्रारूप माणसाच्या त्रासाच्या अधिक जवळ जाते.

मोठी अडचण रचनेची आहे. माणसाची वाढ मूत्रमार्गाला वेढणाऱ्या भागात, बरीचशी संयोजी ऊती व स्नायुतंतूंत होते. उंदराच्या प्रोस्टेटचे खंड सुटे असतात आणि त्यांत अशा ऊती थोड्याच असतात. म्हणून ग्रंथी जड होते, पण मूत्रमार्ग आवळला जाईलच असे नाही. भारतात गोखरू, वरुण यांसारख्या वनस्पतींचे अर्क याच पद्धतीने तपासले गेले आहेत. त्यासाठी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागते. अर्काने ग्रंथीचे वजन घटले, एवढ्यावरून रुग्णाची लघवी मोकळी होईल असे म्हणता येत नाही. ऊतीतले डीएचटी आणि लघवीचा प्रवाह हे दोन्ही मोजायला हवेत. खंडही वेगवेगळे तोलावेत, कारण प्रोलॅक्टिन वाढवणाऱ्या सल्पिराइडने उंदराचे बाजूचे खंड प्रामुख्याने वाढतात.